माडीवरची खोली

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा गेल्या वर्षी रिकामा केला. माळ्यावरच्या पितळी घंगाळापासून देवघरातल्या समईपर्यंत सगळं भावंडांत वाटून झालं आणि कुणालाच नको होतं ते माझ्याकडे आलं. त्यात लाल खारव्यात गुंडाळलेली पणजोबांची भाड्याची वही होती. वाड्यात तेव्हा चार बिऱ्हाडं असत. कोणी किती दिले, कोणाचे थकले, कौलं कधी चाळली, विहिरीचा रहाट कधी बदलला, सगळं मोडीत, एका हाताचं. निवृत्तीनंतर मी हौसेने मोडीच्या वर्गाला जाऊ लागले होते. उपयोग झाला तो या वहीसाठी.

शके १८३९, भाद्रपद. गणपतीचा खर्च: मखराचा कागद, नारळ, तूप, भटजींची दक्षिणा. खाली बिऱ्हाडांची भाडी. आणि शेवटच्या ओळीत, ‘माडीवरील खोली रिकामी’.

शके १८३९ म्हणजे इसवी सन १९१७. भाद्रपद म्हणजे सप्टेंबर. मी वही मिटली आणि त्या दिवशी पुन्हा उघडली नाही. त्याच सप्टेंबरात या शहरात सव्वीस वर्षांचा एक माणूस राहायला जागा शोधत होता. वडोदऱ्याच्या माणसाला त्याचं नाव सांगावं लागत नाही. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण सरळ जाता येत नाही. आधी आजोबांचे हात सांगायला हवेत.

आत्या सांगते, आजोबांचे हात निळे असत. मी पाहिले ते म्हातारपणचे, स्वच्छ. तरुणपणी मात्र नखांच्या कडांत नीळ कायमची बसलेली होती. ते कलाभवनात रंगाई शिकले. पणजोबा संस्थानच्या नोकरीत कारकून. मुलाने कचेरीत चिकटायचं सोडून रंगाऱ्यासारखे पिपात हात घालावेत हे त्यांना इतकं लागलं, की वर्षभर बापलेक एका पंगतीला बसले नाहीत. पणजी आजोबांचं पान स्वयंपाकघराच्या दाराशी मांडायची. लेखणी धरणारा हात एका जातीचा आणि रंगात बुडणारा दुसऱ्या जातीचा, हे घरात कोणी शिकवलं नव्हतं. ते ताटाच्या जागेवरूनच कळत होतं.

कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलं ते नेमकं या दोन हातांना एकत्र बसवण्यासाठी. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. गज्जर म्हणजे सुतार. सुरतच्या सुतार घराण्यातला हा मुलगा रसायनशास्त्रात पारंगत झाला, बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाला आणि रंगाई, छपाई, विणकाम, सुतारकाम हे लोकांच्या भाषेत शिकवायचं असा आग्रह धरून बसला. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले. पुढे १९०७ मध्ये शहरात ॲलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी राहिली, तीही गज्जर आणि त्यांच्या शिष्यांच्या हातून. मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले तेव्हा कलाभवनची ती घुमटाची इमारत अभियांत्रिकीची झालेली होती. तिथून जाताना मान वर जायचीच.

गज्जरांची एक गोष्ट मला लहानपणापासून प्रिय आहे. १८९६ मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. चाफेकरांनी ते आपलं काम असल्याचं पुढे सांगितलं. डाग निघता निघेना. शेवटी काढला तो गज्जरांनी. शाळेत असताना मला यात चीड यायची, की आपल्या माणसाने राणीचं तोंड का पुसलं? पुढे तीस वर्षं रंगांच्या मध्यस्थ रसायनांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली तेव्हा त्यातली दुसरी गोष्ट दिसली. त्या काळचे सगळे नवे रंग डांबरातूनच जन्मले होते. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून क्विनाइन करायला गेला आणि भांड्याच्या तळाशी जांभळा रंग घेऊन बसला. चाफेकरांच्या हातात डांबर बंड म्हणून आलं, गज्जरांच्या हातात विद्या म्हणून. एकाच काळ्या चिकट वस्तूची ही दोन रूपं एका पुतळ्यावर भेटली, याचं मला अजून नवल वाटतं.

परीक्षेत आम्ही लिहायचो: औद्योगिक क्रांतीची कारणे. कोळसा, लोखंड, वसाहतींचा पैसा, शोध. सगळं खरं. इंग्लंडात मजुरी महाग होती आणि खाणीच्या तोंडाशी कोळसा मातीमोल, म्हणून माणसाऐवजी यंत्र लावणं परवडे. आपल्याकडे माणूसच इतका स्वस्त, की यंत्राची गरज कोणाला भासावी? पण या यादीत एक कारण मला कुठे सापडलं नाही, आणि ते एका खोलीचं आहे.

जेम्स वॉट ग्लासगोत उपकरणं दुरुस्त करायला बसू पाहत होता. कारागिरांच्या संघाने नकार दिला. हा आमच्या शहरात नेमाची सात वर्षं उमेदवारी करून आलेला नाही, याला दुकान मांडू द्यायचं नाही. तेव्हा विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात एक खोली दिली. संघाचा हुकूम त्या भिंतीच्या आत चालत नव्हता. त्याच खोलीत १७६३ च्या हिवाळ्यात न्यूकोमनच्या वाफेवर चालणाऱ्या पंपाचं एक बिघडलेलं नमुना-यंत्र दुरुस्तीला आलं. न्यूकोमन स्वतः डार्टमथचा लोखंडी सामान विकणारा, त्याचं यंत्र १७१२ पासून खाणींतलं पाणी उपसत होतं आणि डोंगरभर कोळसा खात होतं. वॉटच्या खोलीत जोसेफ ब्लॅक येऊन बसे. वाफेत लपलेल्या उष्णतेवर काम करणारा हा प्राध्यापक, आणि समोर हातात कानस घेतलेला कारागीर. दोघं बोलत. वाफ सिलिंडरमध्येच थंड केल्यामुळे दर फेरीला बरीचशी उष्णता वाया जाते, ती वेगळ्या भांड्यात थंड करावी, हे वॉटला १७६५ मध्ये एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर चालताना सुचलं. सुचलं चालताना, पण पिकलं त्या खोलीत. शहराने नाकारलेल्या माणसाला कोणीतरी दार उघडून दिलं होतं.

मी प्रयोगशाळेत ही गोष्ट नव्या मुलांना सांगायची. खोलीचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नव्हता.

आता आजोबांची नीळ. ते शिकले तोवर पिपातली नीळ शेतातून येणं जवळजवळ संपलं होतं. नीळ म्हटली की आपल्याला बंगाल आणि चंपारण्य आठवतं, पण तिचा रस्ता त्याहून लांबचा आहे. अठराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात फ्रेंचांची श्रीमंत वसाहत होती सेंट-डोमिंग. साखर, कॉफी आणि नीळ, सगळं आफ्रिकेतून आणलेल्या पाच लाखांच्या आसपास गुलामांच्या घामावर. फ्रान्समध्ये १७८९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं, की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात. या ‘माणसां’त सेंट-डोमिंगचे गुलाम येतात का, हे कोणी स्पष्ट केलं नाही. १७९१ मध्ये ते त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं. ऊस पेटले, गढ्या पेटल्या, बंडाचा नेता तूसाँ लूव्हर्त्युर उभा राहिला आणि १८०४ च्या पहिल्या दिवशी हैती हा देश झाला. तिथली नीळ बसली आणि बंगालातली वाढली. म्हणजे एका बेटावर बेड्या तुटल्या आणि त्याच मागणीच्या बेड्या पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आपल्या रयतेच्या पायात पडल्या. १८५९ मध्ये बंगालच्या रयतेनेही नीळ पेरायचं नाकारलं.

मग रसायनशास्त्र आलं. बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८० मध्ये नीळ प्रयोगशाळेत घडवली, पण ती स्वस्तात करायला जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीला सतरा वर्षं लागली. १८९७ मध्ये ती बाजारात आली आणि बिहारच्या निळीचे भाव कोसळले. मळेवाल्यांनी तोटा रयतेवर लोटला. बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन निळीला देण्याच्या सक्तीतून सुटायचं असेल तर खंड वाढवून द्या, नाही तर रोख भरा. महायुद्धात जर्मन नीळ बंद झाली तशी पुन्हा पेरणीची बळजबरी. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी चंपारण्यात पोचले तेव्हा हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या त्यांच्यापुढे आल्या. ऱ्हाइनकाठच्या एका भट्टीने मोतीहारीच्या शेतकऱ्याचं आयुष्य असं ढवळलं. आजोबांनी हात बुडवले ते याच जर्मन निळीच्या पिपात. त्यांना हे ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पण ढवळलं गेलं म्हणजे क्रांती होत नाही. याचा पुरावा आमच्याच संस्थानात आहे. संवत १९५६ चा दुष्काळ, ज्याला इथे अजून छप्पनियो म्हणतात. १८९१ च्या गणनेत बडोदा संस्थानात चोवीस लाखांवर माणसं होती, १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख उरली. माणसं रस्त्याच्या कडेला मेली. पणजीच्या तोंडी त्याच्या ओव्या होत्या. तरी एकही सिंहासन हललं नाही. पाऊस पडला नाही, दैवाने मारलं, असंच लोक म्हणाले. १७८८ च्या जुलैत फ्रान्सवर गारपीट झाली, पिकं गेली, पुढच्या वसंतात पॅरिसच्या मजुराची बहुतेक मजुरी पावातच जाऊ लागली. तीही आस्मानीच होती. मग तिथे राजवाड्यापर्यंत लोक का पोचले?

राज्य कर्जात बुडालं होतं, निम्मं उत्पन्न व्याजात जात होतं, आणि सरदार-धर्माधिकारी करांपासून बरेचसे मोकळे होते. हे सगळं आहेच. पण मला ठरवणारी वाटते ती १७८९ च्या वसंतातली एक साधी गोष्ट. राजानेच गावागावाला कळवलं, तुमच्या तक्रारी लिहून पाठवा. गावं जमली. वेठ, मिठाचा कर, जमीनदाराची कबुतरं पीक खातात ते, सगळं कागदावर उतरलं. पिढ्यान्‌पिढ्या जे नशीब होतं ते एका बैठकीत तक्रार झालं. आणि तक्रार लिहून दिली की माणूस उत्तराची वाट पाहतो. एप्रिलच्या अखेरीला पॅरिसमध्ये रेवेयाँ या वॉलपेपर कारखानदाराचं घर लोकांनी लुटलं, का, तर मजुरी कमी व्हावी असं तो म्हणाल्याची वदंता. तो स्वतः कामगारातून वर आलेला होता. फार वाईट मालक होता असंही नाही. पण उत्तराची वाट पाहणाऱ्यांना तो आता जुनं उत्तर देताना दिसला. तोकव्हील या फ्रेंच विचारवंताने पुढे म्हटलं आहे, की वाईट राजवटीला सर्वांत धोका असतो तो ती सुधारू लागते तेव्हा. दार थोडं उघडतं आणि आतला उजेड दिसतो, मग बंद दार सोसवत नाही.

ही फ्रान्सची गोष्ट आमच्या गल्लीतून गेली आहे. दांडिया बाजारातलं अरविंद निवास आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. अरविंद घोष १८९३ मध्ये केंब्रिजला शिकून संस्थानच्या नोकरीत आले, वय एकविशीचं. दिवसा महसुलाचे कागद, पुढे कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी. पण त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ पत्रात काँग्रेसच्या अर्जविनंत्यांवर लेखमाला सुरू केली. त्यांचं म्हणणं असं, की फ्रान्सला शहाण्यांच्या सभेने वाचवलं नाही, शतकानुशतकं मुक्या राहिलेल्या अफाट अडाणी जनतेने तेरा शतकांचा जुलूम पाच वर्षांत पुसून टाकला. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकाला सबुरीचा सल्ला दिला आणि लेखणीची धार बोथट झाली. मला रानड्यांबद्दल आदर आहे. तरी त्या मुलाचं खरं होतं असं मला वाटतं. फक्त आपल्याकडची ती मुकी जनता कोण, आणि तिचा जुलूम कोणाच्या उंबऱ्यावर बसला आहे, हे त्यानेही त्या लेखांत पुरतं विचारलं नाही.

ते विचारायला १९१७ उजाडलं. मार्चमध्ये पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर आल्या आणि आठवड्याभरात झार गेला. एप्रिलमध्ये चंपारण्य. आणि सप्टेंबरमध्ये वडोदऱ्याच्या स्टेशनावर भीमराव आंबेडकर उतरले.

महाराजांनी त्यांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं होतं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अर्थशास्त्र शिकलं, जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, नंतर लंडन. कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करायला ते परत आले. जगात त्या वेळी एवढा शिकलेला माणूस कोणत्याही शहराने मिरवला असता. इथे कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. राहायला खानावळ नव्हती की बिऱ्हाड. एका पारशी धर्मशाळेत खोट्या पारशी नावाने, दीड रुपया रोजाने, माडीवरच्या अंधाऱ्या जागेत ते एकटे राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा माणसं काठ्या घेऊन आली. संध्याकाळच्या आत जागा सोड. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मग रात्री नऊच्या गाडीपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. धर्मशाळेपासूनचं हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. अठरा वर्षांनीही ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं असं ते लिहितात.

मी सयाजीरावांची भक्त आहे, लपवत नाही. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण आणणारा राजा, गावोगाव वाचनालयं उघडणारा राजा. अंत्यजांच्या शाळांना सवर्ण मास्तर मिळेनात तेव्हा मुसलमान मास्तर नेमून शाळा चालवणारा राजा. वरून जेवढं दार उघडता येतं तेवढं त्यांनी उघडलं. पण शिष्यवृत्तीचा हुकूम निघतो, तसा वाड्यातली खोली देण्याचा हुकूम निघत नाही. ती खोली माझ्या पणजोबांची होती.

जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं. त्यांनी ते उद्योगाशीही जोडलं होतं. धंदा बदलू न देणारी जात हे बेकारीचं थेट कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. ते वाचताना मला स्वयंपाकघराच्या दाराशी मांडलेलं आजोबांचं पान दिसतं आणि ग्लासगोची खोली दिसते. वॉटला अडवणारा एक संघ होता. त्या संघाची भिंत जिथे संपे तिथे दुसरं कोणी होतं. आमच्याकडे कारागिरांचा संघ, कचेरी, धर्मशाळा, मित्राचं घर आणि आमची माडी, सगळ्यांची भिंत एकच होती.

आत्याला मी वहीचं पान वाचून दाखवलं. ती आता नव्वदीला आली आहे. म्हटलं, ‘आत्या, पणजोबांनी खोली दिली असती?’

‘नसती दिली,’ ती लगेच म्हणाली. ‘आणि विचारणार कोण होतं गं? तो माणूस आपल्या गल्लीत शिरलाच नसता. त्याला ठाऊक होतं ने.’

थोड्या वेळाने म्हणाली, ‘तू दिली असतीस?’

तिला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी माझा एक फ्लॅट रिकामा होता. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा, नुकतं लग्न झालेला, मला म्हणाला, मॅडम, मला द्याल? मी हो म्हटलं. सोसायटीच्या दोघांनी त्याचं आडनाव विचारलं आणि मग मला चहाला बोलावलं. आवाज चढवला नाही, दमदाटी केली नाही. पाण्याची टाकी एकच आहे, इतर लोक काय म्हणतील, असं काहीसं बोलले. मी उठून यायला हवं होतं. मी घरी येऊन त्याला फोन केला आणि सांगितलं, माझा भाचा राहायला येतोय. तो म्हणाला, ‘काही हरकत नाही, मॅडम.’ दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी आला, माझ्या शेजारच्या टेबलावर ब्युरेट लावलं आणि मला वाचन सांगत गेला. मी ते वहीत उतरवत गेले. भाचा कधी आला नाही हे त्याला कळलं असणारच.

मी आत्याला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. तिने वही स्वतःकडे ओढली आणि तिला मोडी येत नसताना पानं उलटत राहिली.

परवा मी ती पुन्हा नीट वाचायला घेतली. माडीवरची खोली भाद्रपदात रिकामी, आश्विनातही रिकामी. कार्तिकात भरली. कलाभवनचा विद्यार्थी, गाव नवसारी, भाडं महिना चार रुपये. ओळीत नाव आहे आणि रक्कम आहे, मधे एक उभा रकाना आहे. प्रत्येक पानावर तो आहे. मी इतके महिने नाव वाचत होते आणि रक्कम वाचत होते, तो वाचलाच नव्हता. भाडं लिहिण्याच्या आधी पणजोबा त्यात भाडेकरूची जात लिहीत. भाद्रपदाच्या त्या ओळीत तो कोरा आहे.